ग्लोबल हेल्थ फेलोशिप: ते इथे शिकायला येतात, मग आपली माणसं तिकडे का नाहीत?

ओपीडी_३ (धागाकर्ती):
अमेरिका-युरोपातले शिकाऊ डॉक्टर ४-६ आठवड्यांसाठी आफ्रिकेत, भारतात 'ग्लोबल हेल्थ' (म्हणजे देशोदेशीच्या, विशेषतः गरीब भागांतल्या आरोग्याचे प्रश्न) शिकायला येतात. माझ्या मते यात सगळ्यात जास्त फायदा त्यांच्या सीव्हीला होतो. तेवढ्यात भाषा येत नाही. पेशंट काय म्हणतोय ते सांगायला एक सिस्टर शेजारी उभी राहते आणि तिची स्वतःची कामं तुंबतात. त्यात न्यायही वेगळा. आपला एमबीबीएस झालेला डॉक्टर तिकडे ऑब्झर्व्हरशिपला (नुसतं बघून शिकायला) गेला तर पेशंटला हात लावू शकत नाही. तिकडचा विद्यार्थी मात्र कित्येक गरीब देशांत बिनदिक्कत टाके घालतो.

सीनाकाठ:
अजिबात सहमत नाही. डॉक्टर आरोळे दांपत्य अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्य शिकून आलं आणि १९७० मध्ये जामखेडचं ग्रामीण आरोग्याचं काम उभं राहिलं. डॉक्टर अभय आणि राणी बंगही हॉपकिन्समध्येच शिकले. १९८६ मध्ये गडचिरोलीत त्यांची 'सर्च' ही संस्था सुरू झाली. गावातल्या बायकांना घरच्या घरी बाळाची काळजी घ्यायला शिकवून नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी उतरला, १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने ते छापलं. आज परदेशी विद्यार्थी जामखेडला येऊन कमी शिकलेल्या आरोग्यसेविकांकडून धडे घेतात. ही दारं बंद करायची?

ओपीडी_३:
अहो, ही उदाहरणं तर माझ्याच बाजूची झाली! ते रीतसर पदवी घेऊन आले आणि आयुष्यभर इथेच राहिले. सहा आठवड्यांशी त्याची तुलना कशी होईल?

रात्रपाळी:
मी नर्स आहे. फेलोशिप म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर डॉक्टरच येतो. आमच्या वॉर्डात आलेल्या पाहुण्या विद्यार्थ्याला सलाइन कुठे असतं इथपासून सगळं मी दाखवलं. जाताना आभार मानले सरांचे. मुलगा चांगला होता, प्रश्न मनापासून विचारायचा, त्याच्यावर राग नाही. पण शिकवण्याचा तो वेळ माझ्या ड्युटीत कुठेच धरला गेला नाही, हे मला खटकतं.

परतवारी:
ताई, नेमकं हेच २०१० च्या 'वेट' (ग्लोबल हेल्थ प्रशिक्षणातल्या नैतिकतेच्या) मार्गदर्शक तत्त्वांत आहे: यजमानांवर पडणारा भार मान्य करा, त्याची भरपाई करा. आणि सगळ्याच फेलोशिप सारख्या नसतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या यूसीएसएफ विद्यापीठाची 'हील' फेलोशिप दोन वर्षांची आहे. अमेरिकेतल्या नावाहो आदिवासींच्या भागात किंवा इतर देशांत काम करणारे तिथलेच आरोग्य कर्मचारीही तिच्यात फेलो असतात, नुसते पाहुणे नाहीत.

सीनाकाठ:
उत्तम, पण दोन वर्षं घर सोडणं किती जणांना परवडतं? ज्याच्या डोक्यावर शिक्षणाचं कर्ज आहे त्याला सहा आठवडेच जमतात. तेही बंद केलेत तर बाहेरचं जग बघणार फक्त पैसेवाल्यांची मुलं.

ओपीडी_३:
बंद करा असं मी म्हटलेलंच नाही. येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यामागे यजमान दवाखान्यातल्या एकाला तिकडे जायची जागा मिळावी, खर्चासकट. आणि पहिली जागा रात्रपाळीताईंसारख्या सिस्टरला.