शब्दचर्चा: 'पर्मनंट रीडायरेक्ट'ला मराठीत काय म्हणावं?

शेवंती: संस्थळ नव्या रचनेत हलवण्याच्या सूचना मराठीत लिहायच्या आहेत. पान कायमचं दुसऱ्या पत्त्यावर गेलं हे सर्व्हर ब्राउझरला ज्या कोडने कळवतो, त्या '३०१ पर्मनंट रीडायरेक्ट'साठी 'कायमस्वरूपी पुनर्निर्देशन' चालेल का?

घाटमाथा: 'पुनर्निर्देशन' नको. मराठी विकिपीडियावर तो शब्द रुळलाय, पण वेगळ्या अर्थाने. तिथे पुनर्निर्देशित शीर्षक उघडलं की सर्व्हर २०० (म्हणजे 'सगळं ठीक') हाच कोड देतो आणि मूळ लेखाचा मजकूर त्याच फेरीत पाठवतो. ३०१मध्ये लेख येतच नाही. 'लोकेशन' हेडरमध्ये (मजकुराआधी येणाऱ्या माहितीत) नवा पत्ता येतो आणि ब्राउझर तिकडे पुन्हा मागणी करतो. या कामाला सगळे 'रीडायरेक्ट लावणं' म्हणतात, तेच लिहा. वाक्यात क्रियापद हवं तर 'वळवणं': 'जुनं पान नव्या पत्त्यावर कायमचं वळवा.'

रात्रपाळी: आणि त्यातला 'कायमचं' गाळू नका, सगळा अर्थ त्यातच आहे. अपाचे या सर्व्हर-प्रणालीत नुसतं 'रीडायरेक्ट' लिहून पुढे ३०१ घातलं नाही, तर ३०२ जातो, म्हणजे तात्पुरता. एनजिनएक्स या दुसऱ्या सर्व्हर-प्रणालीतल्या 'रीराइट' आज्ञेला शेवटी 'पर्मनंट' लावावं लागतं. तिथे 'रीडायरेक्ट' लिहिलंत की पुन्हा ३०२च. याउलट ३०१ ब्राउझर साठवून ठेवतो. पत्ता चुकला आणि तुम्ही सर्व्हरवर दुरुस्त केलात, तरी आधी येऊन गेलेला वाचक कॅशमुळे चुकीच्याच पानावर जात राहू शकतो. म्हणून आधी ३०२ लावून तपासा, सगळं बरोबर दिसलं की ३०१ करा.

शेवंती: मग ३०८ला काय म्हणायचं? तोही पर्मनंटच ना?

घाटमाथा: हो, 'कायमचा'च. फरक फॉर्मच्या बाबतीत पडतो. ३०१वर ब्राउझर 'पोस्ट'चं (माहिती पाठवणाऱ्या मागणीचं) 'गेट' (नुसतं पान मागणारी मागणी) करतात, त्यामुळे भरलेली माहिती पुढे जात नाही. ३०८मध्ये पद्धत बदलत नाही. साध्या लेखांना ३०१ पुरे.

शेवंती: जुनी सगळी पानं सरसकट मुखपृष्ठावर वळवली तर?

रात्रपाळी: कृपा करून नको. वाचकाला हवं ते मिळत नाही आणि गूगल अशा रीडायरेक्टला 'सॉफ्ट ४०४', म्हणजे पान सापडलंच नाही असं, धरू शकतं. विषयाला जुळणारं पान नसेल तर ४१० ('पान काढून टाकलंय') द्या. जुन्यावरून मधल्यावर, मधल्यावरून नव्यावर अशी साखळीही ठेवू नका, प्रत्येक जुना पत्ता थेट शेवटच्या पानाला जोडा. अपाचेत '/लेख'वर लावलेला नियम '/लेख/दिवाळी'लाही लागतो आणि उरलेला भाग नव्या पत्त्याच्या शेपटीला जोडतो. पहिला जुळणारा नियम चालतो, म्हणून नेमके नियम वर, ढोबळ खाली. नियम किमान वर्षभर ठेवा. माझं मत विचाराल तर काढूच नका, लोकांनी जागोजागी दिलेले दुवे वर्षभरात बदलत नाहीत.

घाटमाथा: देवनागरी पत्ते असतील तर एक खास मराठी अडचण येते. 'दुसऱ्या'मधला अर्धा र दोन प्रकारे टंकला जातो: 'ऱ' आणि हलन्त, किंवा साधा 'र', हलन्त आणि अदृश्य 'झीरो विड्थ जॉइनर'. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण पहिल्याला ६ बाइट लागतात आणि दुसऱ्याला ९, म्हणून एकासाठी लिहिलेला नियम दुसऱ्याला लागत नाही आणि ४०४ येतो. जुना पत्ता हाताने टंकू नका, सर्व्हरच्या लॉगमधून (आलेल्या मागण्यांच्या नोंदींतून) उचला. तिथे तो टक्केचिन्हांच्या ('%E0...' अशा) रूपात असतो; अपाचेचा 'रीडायरेक्ट' मात्र उलगडलेल्या पत्त्याशी जुळवतो, म्हणून नियमात तो उलगडून लिहा. लॉगमध्ये दोन्ही रूपं दिसली तर नियमही दोन लागतील.