शीहान सिंड्रोम : वहिनींच्या औषधांबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आमच्या वहिनींना शीहान सिंड्रोमचं निदान झालंय. बाळंतपणात खूप रक्त गेलं होतं. नंतर अंगावर दूध आलंच नाही, पाळीही परतली नाही. "अशक्तपणा आहे, डिंकाचे लाडू खा" यातच वर्षं गेली, याची फार चीड येते.

गरोदरपणात पिट्युटरी, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेली आणि इतर ग्रंथींना चालना देणारी ग्रंथी, मोठी होते. अतिरक्तस्रावाने रक्तदाब कोसळला की तिला रक्त कमी पडतं आणि पेशी मरतात. पिट्युटरीचं दूध आणणारं संप्रेरक प्रोलॅक्टिन नाही, म्हणून दूध नाही. अ‍ॅड्रिनलला चालना देणारं एसीटीएच नाही म्हणून अ‍ॅड्रिनल ग्रंथी धडधाकट असूनही कॉर्टिसॉल (आजारपणाचा ताण सोसायला लागणारं संप्रेरक) नाही. वहिनींचा टीएसएच (थायरॉइडला चालना देणारं संप्रेरक) नॉर्मल यायचा, त्यामुळे थायरॉइडची शंका कुणालाच आली नाही. फ्री टी-४, म्हणजे थायरॉइडचं स्वतःचं संप्रेरक, तपासला तर तो अगदी कमी. टीएसएच पिट्युटरीच बनवते, तीच आजारी असताना त्या एका आकड्यावर विसंबून कसं चालेल?

डॉक्टरांनी आधी हायड्रोकॉर्टिसोन (कॉर्टिसॉलची भरपाई करणारं औषध) दिलं, थायरॉक्सिन (थायरॉइडचं औषध) नंतर. क्रम उलटा झाला तर उरलंसुरलं कॉर्टिसॉलही झपाट्याने संपून जिवावर बेतू शकतं, असं ते म्हणाले.

ताप आला की हायड्रोकॉर्टिसोनचा डोस वाढवायचा, उलटीत गोळी पडली तर लगेच इंजेक्शन, हे सांगितलंय. पण वहिनी खेड्यात राहतात, रात्री गाडी मिळत नाही. कुणी हायड्रोकॉर्टिसोनचं इंजेक्शन घरी ठेवतं का? टोचायला कुठे शिकलात? आणि नवरात्राचे उपवास त्या सोडायला तयार नाहीत, त्यांना कसं समजवावं? ज्यांच्या घरात हा आजार आहे त्यांनी कृपया लिहा. डोस डॉक्टरच ठरवतील, मला रोजचा अनुभव हवाय.