शाळेत सगळ्या मुलांची 'चिंता तपासणी' : हो म्हणावं का?

रंकाळाकर
मी शाळेच्या पालक-शिक्षक संघात आहे. एक संस्था आलीय. पाचवी ते आठवीच्या सगळ्या मुलांकडून 'स्केअर्ड' नावाचा ४१ प्रश्नांचा फॉर्म भरून घेणार. २५ किंवा जास्त गुण आले की ती मुलं बाजूला काढून आठवड्याला एक तास गटात शिकवणार, शेवटी परत तोच फॉर्म. मागच्या शाळेत म्हणे गुण निम्म्यावर आले. मोठ्या बाई खूश आहेत.

मला हे हवंय. लेक सहावीत आहे, सोमवारी सकाळी पोट दुखतं, रविवारी कधीच नाही. पण माझं हार्डवेअरचं दुकान. कुणी नुसतं 'आधी आणि नंतर' दाखवायला लागलं की मी पावती मागतो. या लोकांना नेमकं काय विचारू?

शाळेतली ताई
दादा, मी पुण्यात शाळा-समुपदेशक आहे. तुमची शंका बरोबर जागी आहे.

'गुण निम्म्यावर आले' याला मी फार किंमत देणार नाही. ज्यांचे गुण त्या दिवशी सगळ्यात जास्त, तीच मुलं निवडलीत. १०३ ताप असताना औषध घेतलं आणि चार दिवसांनी उतरला, तर श्रेय औषधाचंच असं नसतं. फॉर्म सहामाहीच्या तोंडावर भरला आणि दुसरा दिवाळीच्या सुट्टीनंतर, तरी आकडा खाली येतो. म्हणून तुलना हवी. चिठ्ठ्या टाकून निम्म्या तुकड्यांना आधी द्या, निम्म्यांना नंतर. मधल्या काळात दोन्हीकडे तोच फॉर्म, तपासणाऱ्याला तुकडी न सांगता.

दुसरं, २५ च्या वर म्हणजे आजार नव्हे. समजा हजार मुलांत ६० जणांना खरंच उपचार लागण्याइतकी चिंता आहे. फॉर्म त्यातली ८० टक्के पकडतो आणि बाकीच्यांपैकी ८० टक्क्यांना बरोबर सोडतो, असं धरू. मग ४८ खरी सापडली, १२ निसटली, आणि १८८ मुलं उगाच यादीत आली. यादीतल्या पाचांत एक! या २३६ मुलांशी एकेकट्यानं बोलणार कोण? याचं उत्तर नसेल तर फॉर्म वाटूच नका. यादी तयार करणं स्वस्त असतं, खर्च सगळा पुढे.

'शाळेत दिलं म्हणजे चांगलंच' हेही खरं नाही. ब्रिटनमध्ये ११ ते १४ वर्षांच्या आठ हजारांवर मुलांवर 'मिरियाड' चाचणी झाली, वर्गात शिक्षकांनी माइंडफुलनेस, म्हणजे आत्ताच्या क्षणावर शांतपणे लक्ष ठेवणं, शिकवायचं. २०२२ चा निष्कर्ष : नेहमीच्या शिकवणीपेक्षा फायदा नाही. आपल्याकडे बिहारच्या नालंदा जिल्ह्यात 'सेहेर' झालं. तो चिंतेपुरता कार्यक्रम नव्हता, सगळ्या शाळेसाठी होता. पण तिथं तोच कार्यक्रम प्रशिक्षित बाहेरच्या समुपदेशकानं चालवला तेव्हा शाळेचं वातावरण सुधारलं, नैराश्य आणि दादागिरी कमी झाली. शिक्षकानं चालवला तिथं काहीच फरक नाही. तेव्हा गट घेणार कोण, हे विचाराच.

आणि मला सगळ्यात आवडलेलं दिल्लीचं. गोव्याच्या 'संगाथ' संस्थेच्या लोकांनी सरकारी शाळांत वर्गावर्गात जाऊन ताण म्हणजे काय, कुठे यायचं, एवढंच सांगितलं. मुलं आपणहून यायला लागली. आलेल्यांना समुपदेशकासोबत अडचण सोडवण्याच्या चार-पाच बैठका मिळाल्या. मुलांनी स्वतः सांगितलेल्या अडचणी नुसती पुस्तिका मिळालेल्यांपेक्षा जास्त हलक्या झाल्या, पण लक्षणांच्या ठरावीक प्रश्नावलीत फरक दिसला नाही. म्हणजे काय मोजता त्यावर निकाल ठरतो. तुम्ही हजेरीही मोजायला सांगा, आणि पहिल्या तासाला 'बरं वाटत नाही' म्हणून घरी जाणारी मुलं.

जि. प. गुरुजी
एक वर्गातली गोष्ट. एका बाकावर तीन मुलं बसवून फॉर्म भरला की शेजारच्याचं बघून टिक होते. आणि मधल्या सुट्टीनंतर ठरावीक पोरांना नावानं हाक मारून गटाला नेलं की संध्याकाळपर्यंत त्यांना टोपणनाव मिळतं. तास शाळा सुटल्यावर नको, रिक्षा चुकतात. बाकी ताईंनी सांगितलंच आहे.

रंकाळाकर
मानलं ताई. बाईंना विचारलं. गट घेणार वर्गशिक्षक, दोन दिवसांच्या प्रशिक्षणावर. यादीतल्या मुलाला पुढं कुठं पाठवायचं ते 'ठरवू'. तुकड्यांचं काढलं तर संस्थेचे साहेब म्हणतात, निधी सगळ्या मुलांसाठी आहे, निम्म्यांना थांबवता येणार नाही.

शाळेतली ताई
एकाच आठवड्यात सगळ्या तुकड्यांत गट सुरू करायला त्यांच्याकडे माणसं आहेत का, विचारा. नसणार. मग कोणीतरी थांबणारच आहे, ते चिठ्ठीनं थांबू दे. आणि फॉर्मआधी जिल्हा रुग्णालयाच्या मानसिक आरोग्य विभागाशी लेखी बोलणं करून घ्या. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर पालकांच्या पत्रात छापा, मराठीतून बोलतात.

लेकीसाठी मात्र फॉर्मची वाट बघू नका. एकदा डॉक्टरांना पोट दाखवा, आणि काही निघालं नाही तर सोमवारी घरी ठेवू नका. घरी राहिलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि पुढचा सोमवार जास्त जड जातो. पहिला तास कुणाचा असतो?

रंकाळाकर
गणित. उभं करून पाढे विचारतात. हे तिनं नाही, तिच्या मैत्रिणीच्या आईनं सांगितलं. उद्या सरांना भेटतो, दुकान दुपारी उघडेन.