फणस आमचा, पण पहिला खाणारा कोण? कोकणातले प्राणी आणि खाण्याचे किस्से

मे महिन्यात गावी गेलं की निम्मी भांडणं वांदरांशी असतात आणि उरलेली त्यांच्यावरून घरच्यांशी. तुमच्याकडे कोणी काय पळवलं ते लिहा, साधं असलं तरी चालेल. सुरुवात मी करते, रत्नागिरीकडची.

आजोळी फणसपोळी घालायचे. बरक्या फणसाचा रस, तेलाचा हात लावलेली ताटं, कडक ऊन आणि राखणीला आम्ही पोरं. एका दुपारी राखणीवरचा मामेभाऊ पडवीत घोरत पडला आणि गाय दावं सोडवून थेट अंगणात, ताटं अशी चाटली की घासायची गरजच नाही. आजी गाईला एक शब्द बोलली नाही, भावाला मात्र कानाला धरून उठवला, "तिला वास आला, तुला कसा नाही आला रे?" एरवी चारखंडं, म्हणजे फणसाची सालं, तिच्याच वाट्याला असायची पण एकदा गरे चाखल्यावर चारखंडं कोण खातंय, त्या दिवसापासून ऊन चढलं की अंगणाकडे तोंड करून हंबरायची.

---

वेंगुर्ला. आमच्याकडे कांडेचोर, म्हणजे उदमांजर. माडावर माडीचं मडकं लावलेलं असतं त्यात हा रात्री तोंड घालतो. माडी काढणारे काका सकाळी वर चढायचे आणि वरूनच शिव्या सुरू, "मेल्यान आज पण पिल्यान!" खाली आम्ही पोरं हसून लोळायचो. पिऊन झालं की महाशय आमच्या माळ्यावर झोपायला, रात्रभर कौलांवरून धावपळ. आणि एक गंमत, त्याचा वास बासमती शिजल्यासारखा येतो. मुंबईची वहिनी पहिल्यांदा आली तेव्हा रात्री बारा वाजता विचारते, आत्ता भात कोणी लावला? आईने शांतपणे वर बोट दाखवलं. वहिनी दुसऱ्या दिवशी लॉजवर.

---

वहिनी लॉजवर 😂😂

आमच्या काजूच्या बागेत उलटं आहे, तिथे प्राणी कामाला येतात. वटवाघळं रात्री बोंडू (काजूचं फळ) तोडून लांबच्या झाडावर नेतात, रस चोखतात आणि बी खाली टाकतात, त्यामुळे सकाळी त्या झाडाखाली आयत्या बिया पडलेल्या, ना चढायला नको ना पिरगळून बोंडू वेगळा करायला नको. वडील म्हणायचे बिनपगारी गडी आहेत, हाकलू नका. वांदरांचं तसं नाही हां, ते ओली बीसुद्धा ओरबाडून फेकतात, आणि ओल्या काजूगरांची उसळ ज्याने खाल्लीय त्यालाच कळेल जीव किती जळतो. शिवाय बी सोलताना टरफलातल्या चिकाने हाताची सालं निघतात ती वेगळीच.

---

वेळासला कासवं बघायला गेलो होतो, तिथलं सांगते. ऑलिव्ह रिडले मादी रात्री वाळूत शंभराच्या आसपास अंडी घालून समुद्रात परत जाते, आणि मग वासावर कोल्हे, कुत्रे हजर. पूर्वी माणसंही ही अंडी काढून न्यायची. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने गावकऱ्यांना घेऊन काम सुरू केलं, आता अंडी उचलून कुंपणात पुरतात आणि पिल्लं निघाली की पाण्याकडे सोडतात. आम्ही उतरलो होतो त्या घरचे आजोबा जेवताना सांगत होते, "कोल्हा काकडीला राजी म्हणतात ना, आमचा कोल्हा अंड्याशिवाय बोलत नाही." हे सांगत सांगत पानात तिसरा उकडीचा मोदक वाढला, नको म्हटलं तरी. पहाटे पिल्लं निघाली तेव्हा किनाऱ्यावर धावत जायचं होतं आणि माझ्याच्याने पाऊल उचलेना.

---

वांदरांचं कौतुक पुरे, दोडामार्गात या. २००२ पासून कर्नाटकातून हत्ती येतायत. केळी, पोफळी, माड, काही सोडत नाहीत, अख्खा माड आडवा करून आतला गाभा खातात. एका रात्रीत वीस वर्षांचा माड गेला तर किस्सा म्हणून सांगायला तोंड होत नाही. असो.

---

कुर्ल्यांचं (खेकड्यांचं) कोणीच लिहिलं नाही?? अमावास्येच्या भरलेल्या आणि पौर्णिमेच्या पोकळ, हे आमच्याकडे ब्रह्मवाक्य. सासरे पौर्णिमेला बाजारात कुर्ली हातात घेऊन तोलून बघतात आणि काही न बोलता परत ठेवतात, विकणारी पण काही बोलत नाही. शास्त्र काय म्हणतं माहीत नाही, मी रश्श्याशी मतलब ठेवते.

---

मालवणची मांजर राहिली की. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटी बंद, घरात एकतर खाडीची मासळी नाहीतर सुकट. आमची बोकी सुकटीला तोंड लावत नाही. कुळथाच्या पिठीबरोबर आम्ही आवडीने खातो, ही बशीकडे बघून पाठ फिरवते. एरवी मासेवाली कोपऱ्यावर ओरडली की आम्हाला ऐकू यायच्या आधी ही पायरीवर, कारण बांगडे साफ करताना डोकी हिच्याकडेच येतात. बंदीत पण रोज पायरीवर बसायची, कोणी येत नाही बघून आत यायची आणि आईवर ओरडायची. आई वैतागून म्हणायची, "माका काय सांगतंस, सरकाराक सांग!"