मदत हवी आहे: सायकलिंगच्या कॅलरींचा कुठला आकडा धरायचा?

मंडळी, रविवारी डोणज्याहून सिंहगड चढून आलो. मनगटावरचं घड्याळ म्हणतं ९२०, हँडलवरचा कॉम्प्युटर म्हणतो ६४०. राइड तीच, पाय तेच!

घड्याळ नाडीवरून हिशेब करतं. पण उकाड्यात नाडी तशीही चढलेलीच असते, शिवाय खडबडीत रस्त्यावर हँडल घट्ट धरलं की मनगटावरचा सेन्सर गडबडतो. कॉम्प्युटरला काहीच जोडलेलं नाही, म्हणजे तो वजन, वेग नि चढावरून अंदाज बांधत असणार. समोरचा वारा त्याला कुठून कळणार?

पॉवर मीटरवाले (पेडलवर किती जोर लागतो ते मोजणारं यंत्र वापरणारे) म्हणतात, पेडलवरचं काम जितके किलोज्यूल, साधारण तितक्याच किलोकॅलरी (म्हणजे आपण बोलताना म्हणतो त्या कॅलरी) धरा. शरीर खर्च करतं त्यातली २०-२५ टक्केच ऊर्जा पेडलपर्यंत पोचते आणि एक किलोकॅलरी म्हणजे ४.१८ किलोज्यूल, त्यामुळे गणित जुळतं. पटतं, पण मीटरची किंमत ऐकून सायकलच विकावीशी वाटते.

कुणी एकाच राइडला घड्याळ, नाडी मोजणारा छातीचा पट्टा आणि पॉवर मीटर लावून पाहिलंय का? फरक चढावर जास्त येतो की सपाटीवर? नुसता पट्टा घेतला तर भागेल का? आणि नुसतं बसूनही जळणाऱ्या कॅलरी घड्याळ याच आकड्यात धरतं का?