अमळनेरकडे घर बांधतोय, परवानगीचा खर्च किती धरू?

नमस्कार मंडळी,
गावठाणातलं जुनं धाब्याचं घर उतरवून आई-आप्पांसाठी दुमजली आरसीसी बांधायचं आहे. प्लॉट दीडशे चौ.मी.च्या आतला. ठेकेदाराला आखाजीलाच (अक्षय्य तृतीयेला) खोदकाम सुरू करायचंय. म्हणतो, "दीडशेच्या आत परवानगी लागत नाही भाऊ, इंजिनिअरचे पैसे वाचवा." इथे कॅलिफोर्नियात परमिटच्या फीनेच घाम फोडला होता, म्हणून ऐकायला गोड वाटतंय. खरं आहे का?

---

भाऊ, राम राम.
अर्धंच खरं. डिसेंबर २०२० च्या युडीसीपीआरनंतर (राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली) १५० चौ.मी.पर्यंत मंजुरीची वाट बघत बसावं लागत नाही, एवढंच. मालकीची कागदपत्रं आणि आर्किटेक्टने किंवा परवानाधारक इंजिनिअरने सही केलेला नकाशा ग्रामपंचायतीत द्यायचाच. विकास शुल्क आहे, लागू असेल तर १ टक्का कामगार उपकरही. पोच जपून ठेव, उद्या कर्ज काढलंस तर बँक आधी तीच मागेल.

पण खरा पैसा तिथे जात नाही. तुमच्याकडे कॅलिफोर्नियात २०११ पासून नव्या घराला आग विझवणारे स्प्रिंकलर, २०२० पासून सोलर. नियम आला की खर्च आला, आणि इन्स्पेक्टर येऊन बघतोही. गावात पाया बघायला कोण येतंय? आपली काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते, पावसात फुगते. मुरूम लागेपर्यंत खोदायला खर्च येतो म्हणून वरच फुटिंग (पायाचा तळ) टाकतात, प्लिंथमध्ये म्हणजे जोत्यात भरही त्याच मातीची. दोन पावसाळ्यांत फरशी उचलते, दारं अडकतात.

दुसरं म्हणजे कॉलमच्या रिंगा, उभ्या सळयांना बांधून ठेवणाऱ्या. आयएस १३९२० (भूकंपात टिकणाऱ्या आरसीसीचं भारतीय मानक) प्रमाणे रिंगेचा हूक १३५ अंशात वळवून टोक किमान ६५ मिमी आत हवं. फिटर ९० अंशात वळवून मोकळा होतो, कारण ते पटकन होतं. नीट वळवायला लोखंड किंचितच जास्त लागतं, लागते ती मजुरी. भूकंपात ९० चा हूक उघडतो आणि सळया बाहेर फुगतात. तापीखोऱ्यात हे हसण्यावारी नेऊ नकोस.

इंजिनिअरची फी वाचवायची नाही, टाईल्समध्ये वाचव.
– नाना

---

नाना, आभार. ठेक्याच्या कागदात मुरूम आणि हूक दोन्ही लिहून घेतो. काँक्रीट ओतायच्या आधी प्रत्येक कॉलमचे फोटो पाठवल्याशिवाय हप्ता नाही, असंही सांगितलंय. ठेकेदार जरा रुसलाय. अमळनेर-पारोळ्याकडचा, साइटवर स्वतः येणारा इंजिनिअर कुणाच्या ओळखीत असेल तर मला वेगळा मेल करा.