ट्रोलांच्या दवाखान्याला पाटी कोणती लावावी?

प्रश्न : सोसायटीच्या गणपतीत छोटं प्रहसन बसवतोय. मोबाईलवरून लोकांना छळणाऱ्यांसाठी एक केंद्र निघतं. घरचे पेशंटला दंडाला धरून आणतात, केसपेपर निघतो. 'त्रास कधीपासून?' 'मागच्या निवडणुकीपासून.' डिस्चार्जची परीक्षाही ठरली आहे : कुणाच्या तरी उकडीच्या मोदकांचा फोटो दाखवायचा, मोदकाला जेमतेम पाच कळ्या, एक फुटून सारण बाहेर आलेलं, आणि पेशंटने रात्रभर काहीही लिहायचं नाही. अडलंय पाटीवर. 'ट्रोलमुक्ती केंद्र' चालेल का? की ट्रोलला मराठी शब्द आहे?

— 'ट्रोलमुक्ती'त घोटाळा आहे. व्यसनमुक्तीत माणूस राहतो, व्यसन जातं. तंटामुक्त गाव, हागणदारीमुक्त गाव, सगळीकडे जे नको तेच आधी येतं. त्या हिशेबाने तुमच्या केंद्रातून ट्रोल हाकलले जातील आणि खाटांवर ट्रोलग्रस्त झोपतील. (धरणग्रस्त, भूकंपग्रस्तांच्या रांगेत हा शब्द किती सहज बसला!) घालवायची आहे ती खोड, तेव्हा निदान 'ट्रोलिंगमुक्ती' तरी करा.

— मराठी शब्द आहे की, जल्पक. वर्तमानपत्रांतून वाचनात येतो. न्यायसूत्रांत, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्राच्या ग्रंथात, चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत : वाद, जल्प आणि वितंडा. वाद खरं काय ते कळावं म्हणून. जल्प निव्वळ जिंकण्यासाठी, आणि त्यात छल चालतो, म्हणजे समोरच्याच्या शब्दाचा मुद्दाम भलता अर्थ लावणं. त्याचं जुनं उदाहरण ऐका. कुणी म्हणतो, 'हा मुलगा नवकंबल आहे', म्हणजे त्याचं कांबळं नवं आहे. लगेच दुसरा : 'नऊ कांबळी? कुठायत? मला तर एकच दिसतंय!' आता सांगा, आजच्या कुठल्याही पोस्टखाली हा गृहस्थ भेटत नाही का? वितंडा त्याहून पुढची पायरी. तिथे स्वतःची बाजूच नसते, फक्त दुसऱ्याची मोडायची. तुमच्या केंद्रात जल्पकांना ओपीडी आणि वितंडवाद्यांना आयसीयू ठेवा.

— शब्द चोख आहे, पण स्टेजवरून मागच्या खुर्च्यांपर्यंत पोचायचा नाही. लोकांनी आपले आपण शब्द पाडलेत : टोळभैरवावरून ट्रोलभैरव, टोळधाडीवरून ट्रोलधाड. कुठल्याही समितीला हे सुचलं नसतं. शिवाय घरचे जुने आहेतच, टवाळ, खोडसाळ, कुचाळ, आगलाव्या, कळलाव्या. सगळे एका मापाचे नाहीत. टवाळाला हसायचं असतं, मनात डूख नसतो. कळलाव्या काडी टाकून बाजूला होतो आणि कट्ट्यावर बसून बघतो. इंग्रजीतला मूळ वापर याच्याच जवळचा. चालत्या नावेमागे गळ ओढत मासे धरायच्या पद्धतीला ट्रोलिंग म्हणतात. १९९०च्या दशकात यूजनेट या इंटरनेटवरच्या जुन्या चर्चामंचावरचे मुरलेले लोक एखादा बावळट प्रश्न गळासारखा टाकायचे आणि नवखे कसे लागतात ते बघायचे. त्या शब्दात उत्तर युरोपच्या लोककथांतला राक्षसही मिसळला, त्यामुळे करणारासुद्धा ट्रोल झाला.

— सगळे एका मापाचे नाहीत, हेच म्हणायचं होतं. बाईच्या इनबॉक्समध्ये रोज रात्री जाऊन घाण लिहिणारा कळलाव्याही नाही आणि जल्पकही नाही. बातमीचा मथळा असतो 'अभिनेत्री ट्रोल'. आत वाचावं तर जिवे मारण्याच्या धमक्या. धमकीला धमकी म्हणा ना! १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये स्त्रीच्या इंटरनेट-ईमेलवर पाळत ठेवणं हा पाठलागाचा गुन्हा आहे; पहिल्यांदा तीन वर्षांपर्यंत कैद, पुन्हा केलं तर पाचपर्यंत. त्याला 'पेशंट' म्हणून खाट दिलीत तर मला तरी हसू येणार नाही. उलट टोकाचंही बघा, रस्त्यातल्या खड्ड्यांबद्दल विचारलं की पुढारी म्हणतो 'मला ट्रोल केलं'. ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराला शिक्षा सांगणारं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-अ सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केलं, त्यातले शब्द मोघम होते हे त्याचं एक मोठं कारण. तेव्हा एक प्रवेश वाढवा : कंपाउंडर केसपेपर वाचतो आणि म्हणतो, 'हा आमच्याकडचा नाही, चौकी पलीकडच्या गल्लीत.' पुढच्याला म्हणतो, 'काका, तुम्हाला काही झालेलं नाही, खड्ड्यांचं विचारत राहा.'

— प्रवेश घेतला! पाटीही ठरली : वर मोठ्या अक्षरांत 'जल्पमुक्ती केंद्र', खाली 'ट्रोलभैरवांवर खात्रीशीर इलाज'. आता शेवटची अडचण. एक पेशंट बाई आहे, सोसायटीच्या ग्रुपवर सगळ्यांना एकमेकांत लावून देणारी. तिला काय म्हणू? जल्पिका?

— जल्पिका संगीत नाटकातल्या दासीचं नाव वाटतं. 'त्या संपादक' तसं 'त्या जल्पक' चालेल. पण तुम्ही सांगताय त्या बाईला सरळ 'कळलावी' म्हणा. खरी बाई भांडायला आलीच तर सांगा, अहो, फुलाचं नाव आहे, अग्निशिखेलाच कळलावी म्हणतात. झाड विषारी असतं हे तेवढं बोलू नका.